मोटारगाडीतील फेरबदल : चाके व निलंबन

कारखान्यातून विक्रीस आलेल्या मोटारगाडीची मूळ चाके काढून त्यांच्या जागी अधिक व्यासाची व रुंदीची चाके बसविणे, तसेच निलंबन यंत्रणेत बदल करून गाडीचे अंग जमिनीच्या अधिक जवळ आणणे, या दोन फेरबदलांचा येथे विचार केला आहे. निलंबन म्हणजे गाडीचे अंग आणि तिची चाके यांना जोडणारी स्प्रिंगा, धक्काशोषक व दुवे यांची योजना. बोलण्यात तिला सस्पेन्शन म्हणतात. हे दोन फेरबदल बहुधा एकत्र केले जातात. मोठे चाक चाकाच्या कमानीतील पोकळी भरून काढते व खाली आणलेले अंग ती आणखी झाकते, त्यामुळे गाडी रस्त्याला घट्ट बिलगल्यासारखी दिसते. या दिसण्याचे आकर्षण हेच बहुतेक फेरबदलांमागील खरे कारण असते. वळणावरील स्थैर्य वाढते हे कारण त्यानंतर सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे, परंतु त्याची किंमत कोठे द्यावी लागते याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जुन्या गाड्या हलक्या व वेगवान करून शर्यतीत उतरविण्याचा छंद फोफावला. त्याच राज्यातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी मात्र वेगाकडे पाठ फिरवून, अत्यंत खाली बसविलेल्या गाड्या संथपणे मिरवीत नेण्याची प्रथा पाडली. कॅलिफोर्नियाने १९५८ मध्ये कायदा करून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या धावेच्या तळापेक्षा खाली असण्यास मनाई केली. त्यावर तोड म्हणून पुढच्याच वर्षी विमानातील जलीय यंत्रणेचे भाग वापरून बटणासरशी गाडी वरखाली करण्याची युक्ती निघाली. हे कलम रद्द झाल्याचा निर्णय १ जानेवारी २०२४ पासून अंमलात आला. यूरोपात मोटार-शर्यती व रॅली यांतून हे तंत्र सामान्य गाड्यांत उतरले. जर्मनीत असा बदल सामान्यतः मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून तपासून गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो.

भारतात मद्रासजवळील शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींत फियाट, ॲम्बॅसडर व हेरल्ड या देशी बांधणीच्या गाड्या फेरबदल करून उतरविल्या जात. महाराष्ट्रात या कामाचा सराव प्रामुख्याने मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटवर, म्हणजे पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विकल्या गेलेल्या गाडीवर झाला. तिच्या पुढील चाकांना मळसूत्री स्प्रिंगा व मागील आसाला पाटे असत. पुढे स्प्रिंगेचा वेढा कापावा आणि मागे आस व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालावा, ही गॅरेजमधील रूढ रीत होती. ॲम्बॅसडरला पुढे पीळदांडे असल्याने तिच्या बाबतीत दांड्याचे दाते एक-दोन घरे सरकवून बसविले की काम भागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर मॅकफर्सन पद्धतीचे निलंबन सर्वसामान्यांच्या गाडीत आले. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास इंग्लंडमधील फोर्ड गाड्यांत प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली गेली होती. तीत स्प्रिंग व धक्काशोषक एकाच खांबात असतात. त्यामुळे जागा वाचते व खर्च कमी होतो. मात्र गाडी खाली आणली असता तिची भूमिती इतर रचनांपेक्षा लवकर बिघडते. याचे कारण पुढे दिले आहे.

पुणे शहरात सुट्या भागांची जुनी बाजारपेठ नाना पेठेत आहे. मिश्रधातूंची चाके, स्पेसर, तयार आखूड स्प्रिंगा हा माल अशाच बाजारपेठांतून गॅरेजांकडे जातो. योगायोग असा की, मोटारवाहनांच्या अधिकृत चाचण्या घेणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी दोन याच परिसरात आहेत. वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये आणि भोसरी येथील सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही १९६७ मध्ये स्थापन झाली. तिसरी संस्था, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना, अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे आहे.

चाके व टायर : टायरच्या बाजूवरील १६५/८० आर १४ या खुणेचा अर्थ असा : टायरची रुंदी १६५ मिमी.; बाजूच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी.; बांधणी अरीय (रेडियल) आणि धावेचा (रिमचा) व्यास १४ इंच. १ इंच म्हणजे २५·४ मिमी. असल्याने संपूर्ण चाकाचा व्यास ३५५·६ + २ × १३२ = ६१९·६ मिमी. येतो. यापुढे येणारा अंक भारक्षमतेचा व अक्षर वेगमर्यादेचे असते. उदा., ८२ हा अंक प्रत्येक टायरला ४७५ किग्रॅ. भाराची, तर टी हे अक्षर ताशी १९० किमी. वेगाची मर्यादा दर्शविते. धाव मोठी करताना टायरची भिंत त्याच प्रमाणात आखूड करून एकूण व्यास कायम राखणे, हा या कामाचा पहिला नियम होय. मारुती स्विफ्ट या गाडीच्या २०१८ सालच्या प्रतिमानात साध्या आवृत्तीला १६५/८० आर १४ व वरच्या आवृत्तीला १८५/६५ आर १५ अशी चाके कारखान्यातूनच दिली जात. दुसऱ्याचा व्यास ६२१·५ मिमी. भरतो. फरक २ मिमी. इतका, म्हणजे नगण्य आहे. १९५/५५ आर १६ या टायरचा व्यासही ६२०·९ मिमी. येतो.

याउलट केवळ धावेचा आकडा पाहून १९५/६५ आर १६ हा टायर चढविला, तर व्यास ६५९·९ मिमी. होतो, म्हणजे ६·५ टक्के वाढतो. मूळ चाक १ किमी. अंतरात सु. ५१४ फेरे घेई, हे ४८२ घेते. वेगमापक फेऱ्यांवरून वेग दाखवीत असल्याने, पूर्वी तो अचूक होता असे मानल्यास, काट्यावर ६० असताना गाडी ताशी ६४ किमी. वेगाने धावत असते. ब्रेकची तबकडी तीच, पायाचा दाबही तोच. पण तरफ लांब झाल्याने रस्त्यावर लागणारे रोधक बल सु. ६ टक्के घटते. चढावर गिअर लवकर उतरवावा लागतो. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या मोटारगाड्यांना चाके आवळून न धरणारी ब्रेक यंत्रणा (एबीएस) बंधनकारक आहे. ती प्रत्येक चाकाच्या फेऱ्यांची तुलना करते, म्हणून पुढे एका व्यासाचे व मागे दुसऱ्या व्यासाचे चाक बसविल्यास तिच्या गणितात दोष शिरतो.

व्यास कायम ठेवला तरी प्रश्न संपत नाहीत. धाव मोठी झाली की धातू केंद्रापासून दूर जातो. फिरणाऱ्या कड्याला गती देताना त्याचे वस्तुमान जणू दुप्पट असल्याप्रमाणे वागते. त्यामुळे परिघाजवळ वाढलेला प्रत्येक किलोग्रॅम गाडीच्या टपावर ठेवलेल्या किलोग्रॅमपेक्षा एंजिनास अधिक जड वाटतो. शिवाय चाक हे स्प्रिंगेच्या खाली असलेले, धक्का थेट सोसणारे वस्तुमान आहे. ते वाढले की खड्ड्यातून बाहेर पडताना चाक रस्त्याला पुन्हा टेकण्यास उशीर लागतो आणि तेवढा काळ त्या चाकाला ना ब्रेक असतो, ना सुकाणूचा ताबा. मिश्रधातूची चाके हलकी असतात ही समजूत सरसकट खरी नाही. १६ इंची ओतीव चाक १४ इंची पोलादी चाकापेक्षा अनेकदा जडच भरते. घेण्यापूर्वी ते तराजूवर ठेवून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

रुंद टायरची पकड वाढते याचे कारण सामान्यतः समजले जाते त्याहून वेगळे आहे. रस्त्याला टेकणारे क्षेत्रफळ मुख्यतः भार व हवेचा दाब यांवर ठरते. रुंदी वाढली तर हा ठसा आडवा रुंद व उभा आखूड होतो इतकेच. आडव्या ठशामुळे आणि आखूड, ताठ भिंतीमुळे सुकाणू वळविताच गाडी तत्परतेने वळते. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा लाभ जाणवतो. पावसाळ्यात चित्र पालटते. रुंद टायरला समोरचे पाणी बाजूला सारण्यास अधिक वेळ लागतो व त्यामुळे टायर पाण्याच्या थरावर तरंगण्याचा धोका कमी वेगातच उद्भवतो.

भिंतीची उंची १३२ मिमी. वरून १०७ मिमी. झाली (१७ इंची धावेवर २०५/४५ टायर घेतल्यास ती ९२ मिमी. उरते) की खड्ड्याच्या कडेचा आघात झेलणारी हवेची गादी पातळ होते. कड आणि धाव यांच्या चिमट्यात टायर सापडून आतील दोरे तुटतात आणि बाहेर ‘टायरला फुगा’ येतो. असा फुगा कोणत्याही क्षणी फुटू शकतो. त्याची दुरुस्ती नसते. पोलादी धाव अशा आघाताने वाकते व ठोकून सरळ करता येते, ओतीव धाव मात्र तडकते. तडकलेल्या धावेला वितळजोड देऊन ती पुन्हा विकली जाते, ही बाब गंभीर आहे. जोडाजवळच्या भागाचे उष्णतेने मिळविलेले बल नाहीसे झालेले असते व ते रंगाखाली दिसत नाही. मान्यताप्राप्त चाकाला वळणावरील वाकभाराची शिणवट, अरीय भाराची शिणवट व आघात अशा तीन चाचण्या पार कराव्या लागतात. नक्कल केलेल्या स्वस्त चाकांनी त्या दिलेल्या असतीलच असे नाही.

चाक बसते की नाही हे केवळ बोल्टांवर ठरत नाही. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास (छोट्या गाड्यांत सामान्यतः १०० वा ११४·३ मिमी.), मधल्या भोकाचा व्यास आणि धावेच्या मध्यरेषेपासून बैठकीच्या पृष्ठाचे अंतर या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. मधले भोक मोठे असेल तर ते कड्याने भरून काढावे लागते, नाहीतर चाक थरथरते. बैठकीचे अंतर बदलून चाक बाहेर काढले, किंवा त्यासाठी स्पेसर घातला, तर चाकाच्या बेअरिंगवर वाकभार येतो, ब्रेक दाबताना सुकाणू एका बाजूस ओढले जाते आणि सुकाणू पूर्ण वळविल्यावर टायर कमानीच्या कडेस घासतो. ही घासण रिकाम्या गाडीत ऐकू येत नाही. पाच माणसे बसली की येते.

निलंबन : गाडी वळते तेव्हा आतील चाकांवरील भार बाहेरील चाकांकडे सरकतो. सरकणारा भार गाडीचे वजन, आडवे त्वरण व गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला चाकांमधील आडव्या अंतराने भागल्यास मिळतो. १,००० किग्रॅ. ची गाडी, गुरुत्वमध्य ५५० मिमी. उंचीवर, चाकांतील अंतर १,४०० मिमी. आणि त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या निम्मे, असे धरल्यास १९६ किग्रॅ. भार सरकतो. गाडी ३० मिमी. खाली आणली तर तो १८६ किग्रॅ. होतो. सुधारणा ५ टक्के आहे. ती शून्य नाही, पण जाहिरातींत तिचे जे वर्णन असते त्या मानाने माफक आहे.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट घडते. गाडीचे अंग वळणावर ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याची उंची चाकांच्या दुव्यांच्या तिरपेपणावर अवलंबून असते. मॅकफर्सन रचनेत अंग खाली आले की खालचा दुवा आडवा होतो व त्याचे बाहेरचे टोक वर जाऊ लागते. परिणामी हा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली उतरतो. दोहोंमधील अंतर, म्हणजेच गाडीला कलविणारी तरफ, वाढते. म्हणून केवळ खाली आणलेली गाडी वळणावर कमी न कलता अधिक कलू शकते. ते झाकण्यासाठी स्प्रिंगा आणखी ताठ कराव्या लागतात. शर्यतीच्या गाड्यांत यासाठी चेंडूसांध्याची जागाच बदललेली असते. गॅरेजमध्ये एवढे काम सहसा होत नाही. सुकाणूचे दुवेही तिरपे झाल्याने चाक वरखाली होताना आपोआप थोडे वळते व उंचसखल रस्त्यावर गाडी भरकटते. चाकांचा आतील कल वाढून टायरची आतली कड झिजते. समोरच्या चाकांना शक्ती पोचविणाऱ्या सांध्यांचा कोन वाढून त्यांचे रबरी आवरण फाटते.

मळसूत्री स्प्रिंगेचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून सहा कार्यक्षम वेढ्यांपैकी एक कापला की उरलेली स्प्रिंग २० टक्के ताठ होते. कापलेल्या टोकाला सपाट बैठक उरत नाही. खड्ड्यात चाक लोंबले की अशी स्प्रिंग घरातून निसटते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग दबविण्याची रीत याहूनही वाईट आहे, कारण तीत पोलादाचे पाणीच उतरते व स्प्रिंग पुढे आपोआप दबत जाते किंवा तुटते. या दोन्ही रीती स्वस्त असल्याने टिकून आहेत. कारखान्यात मुद्दाम आखूड बनविलेल्या स्प्रिंगा व त्यांना साजेसे आखूड धावेचे धक्काशोषक असा पूर्ण संच बसविणे हाच स्वीकारार्ह मार्ग म्हणता येईल. मूळ धक्काशोषक ठेवून केवळ स्प्रिंगा बदलल्यास त्यांचा दट्ट्या नेहमी तळाजवळ काम करतो व ते लवकर गळू लागतात.

खरी अडचण उरलेल्या हालचालीची असते. मूळ गाडीत चाकाला वर सरकण्यास रबरी थोप्यापर्यंत ८० मिमी. वाव आहे व प्रत्येक स्प्रिंगेचा ताठरपणा मिमी.ला २० न्यूटन आहे असे धरू. मागील प्रत्येक चाकावर १०० किग्रॅ. जादा भार आला, तर स्प्रिंग ४९ मिमी. दबते व ३१ मिमी. वाव शिल्लक राहतो. गाडी ४० मिमी. खाली आणून स्प्रिंग २४ न्यूटनची केली, तर वावच ४० मिमी. उरतो आणि तेवढ्याच भाराने ती ४१ मिमी. दबू पाहते. म्हणजे कुटुंब मागे बसताच गाडी थोप्यावर टेकते. पुढचा प्रत्येक धक्का स्प्रिंगेऐवजी अंगाला, आणि अंगातून बसणाऱ्यांच्या पाठीच्या कण्याला पोचतो. एकट्याने बसून घेतलेल्या चाचणी-फेरीत यातले काहीच लक्षात येत नाही. प्रकाशझोताचा रोखही तपासावा लागतो. पुढचा भाग मागच्यापेक्षा अधिक उतरविल्यास झोत जवळ पडतो. भाराने मागची बाजू दबल्यास तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

जमिनीपासूनची उंची : भारतात छोट्या गाड्यांची ही उंची सामान्यतः १६० ते १८० मिमी. असते. ती उगाच ठेवलेली नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे रस्त्यावरील गतिरोधक १७ मी. त्रिज्येचा, ३·७ मी. रुंद व १० सेंमी. उंच असावा. अशा गतिरोधकाच्या माथ्यावर २·४५ मी. अंतरावर आस असलेली गाडी मधोमध आली, तरी तिच्या पोटाला केवळ ४४ मिमी. उंची लागते. म्हणजे शास्त्रशुद्ध गतिरोधक ५० मिमी. खाली आणलेल्या गाडीलाही आडवा येत नाही. मात्र गल्लीबोळांत, सोसायट्यांच्या फाटकांपाशी आणि गावांच्या वेशीवर आढळणारे गतिरोधक हातभर रुंदीचे व वीतभर नसले तरी त्याच्या आसपास उंचीचे असतात. असा उंचवटा दोन्ही आसांमध्ये संपूर्ण मावतो व त्याची सगळी उंची पोटाखालून जावी लागते. १६५ मिमी. मधून उतरविलेले ४० व भाराने दबलेले ४० मिमी. वजा केले तर ८५ मिमी. उरतात. प्रथम आपटतो तो एंजिनतेलाचा चेंबर. चेंबर फुटून तेल सांडल्यावर दिवा लागलेला असतानाही गाडी पुढे दामटल्यास एंजिन जाम होते, आणि त्या दुरुस्तीपुढे नव्या चाकांचा खर्च किरकोळ ठरतो.

कायदा : मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा फेरबदल मालकास करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाचा याविषयीचा सौम्य अन्वयार्थ सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी रद्द केला आणि मूळ रचनेपासून फारकत घेणारी वाहने नोंदणीस पात्र नाहीत असा निर्णय दिला. त्याच वर्षी अधिनियमात घातलेल्या १८२ अ या कलमान्वये अवैध फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, वा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, वा दोन्ही होऊ शकतात. टायरच्या आकाराविषयी १९८९ च्या केंद्रीय नियमावलीत स्वतंत्र नियम आहे. त्याच प्रतिमानाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी उत्पादकाने स्वतः दिलेला आकार वापरणे सुरक्षित मानले जाते. निलंबनाची उंची बदलण्यास मात्र असा आधार सापडणे कठीण आहे. फेरबदल विमा कंपनीस कळविला नसेल, तर अपघातानंतर भरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो. स्वतःच्या गाडीचे नुकसान सोसता येते, पण दुसऱ्याला झालेल्या इजेचे दायित्व अंगावर येणे हा प्रसंग वेगळा असतो.

प्रत्यक्ष अंमलबजावणीत एक मोठी फट आहे. खाजगी मोटारगाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढविली जाते. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांप्रमाणे तिला मधल्या काळात योग्यता प्रमाणपत्रासाठी हजर व्हावे लागत नाही. पुण्यात प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे एक केंद्र येरवड्यालगत आळंदी रस्त्यावर फुलेनगर येथे आहे, तर शहर वाहतूक शाखेच्या उपायुक्तांचे कार्यालय येरवड्यात विमानतळ रस्त्यावर आहे. रस्त्यावरील वाहतूक पोलिसांना आवाज करणारा सायलेंसर लांबूनच ओळखता येतो व त्यावर कारवाईही होते. कापलेली स्प्रिंग किंवा वितळजोड दिलेली धाव ओळखण्यासाठी मात्र गाडी उचलून खाली दिवा धरावा लागतो. त्यामुळे असे दोष बहुधा जुनी गाडी विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येतात. त्याने चारही टायरांवरील खुणा पुस्तिकेतील खुणांशी ताडून पाहाव्यात, पुढील टायरांची आतली कड हाताने चाचपावी, चेंबरखालचा पत्रा पाहावा आणि मागच्या बाकावर तिघांना बसवून सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण वळवीत गाडी एखाद्या उंचवट्यावरून हळू न्यावी.